कारखान्याचे कुंपण आणि बाहेरची वस्ती



२३ मे २०२४ रोजी दुपारी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील दुसऱ्या टप्प्यात अमुदान केमिकल्स या कारखान्यात भीषण स्फोट झाला. आसपासचे कारखाने उद्ध्वस्त झाले, दूरवरच्या इमारतींची तावदाने फुटली आणि दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली. पहिले काही तास सर्वांच्या तोंडी एकच वाक्य होते, 'बॉयलर फुटला'. पुढे असे समोर आले की, फुटला तो बॉयलर नव्हे, रिॲक्टर. सर्वसामान्य माणसाला हा भेद शब्दांचा वाटेल. तथापि औद्योगिक सुरक्षिततेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो नीट ध्यानी घ्यावयास हवा, कारण शासनयंत्रणेची नजर कोठे पोहोचते आणि कोठे पोहोचत नाही, याचा उलगडा या एका भेदातून होतो.

बॉयलर, म्हणजे शासकीय परिभाषेतील बाष्पक, हे पाण्याची वाफ करणारे यंत्र आहे. त्याच्यासाठी १९२३ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्या जुन्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बाष्पके अधिनियमाने घेतली आहे. बाष्पकाची नोंदणी करावी लागते, त्याला क्रमांक मिळतो, ठराविक मुदतीने त्याची तपासणी होते आणि तो चालविणाऱ्या माणसाजवळ प्रमाणपत्र असावे लागते. रिॲक्टरची गोष्ट निराळी. रिॲक्टर हे रसायने एकत्र आणून त्यांच्यात क्रिया घडवून आणणारे भांडे. बाहेरून पाहता ते बाष्पकापेक्षा साधे दिसते. परंतु बाष्पकात काय आहे हे सर्वांना ठाऊक असते, तर रिॲक्टरमध्ये काय आहे हे ते भरणाऱ्यालाच ठाऊक असते. आणि पुष्कळदा तेथील मदतनीस कामगाराला तेवढेही ठाऊक नसते.

रिॲक्टरमधील कित्येक क्रिया उष्णता बाहेर टाकणाऱ्या असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. थंड पाण्याच्या वेष्टनातून उष्णता बाहेर नेण्याचे प्रमाण मात्र त्या पटीने वाढत नाही. म्हणून एका मर्यादेपलीकडे क्रिया आपल्याच उष्णतेने भडकत जाते आणि माणसाच्या हातात काही उरत नाही. अमुदानमध्ये ज्या वर्गातील रसायने हाताळली जात होती ती पेरॉक्साइडे याहून नाजूक असतात. त्यांच्या रेणूत जळणारा भाग आणि प्राणवायू हे दोन्ही एकत्र बांधलेले असल्याने बाहेरच्या हवेवाचूनही ती फुटू शकतात. अशा ठिकाणी थंड पाण्याचा पंप बंद पडणे ही किरकोळ बिघाडाची नोंद राहत नाही. पंपाला पर्यायी वीजपुरवठा आहे काय, दाब वाढल्यास तो सुरक्षित दिशेने बाहेर सोडणारी चकती बसविली आहे काय, आणि रात्रपाळीच्या माणसाला बॅच थांबविण्याचा अधिकार व माहिती आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या पाळीतील सर्वांचे आयुष्य अवलंबून असते.

डोंबिवलीकरांना हा अनुभव नवा नव्हता. बरोबर आठ वर्षांपूर्वी, २६ मे २०१६ रोजी, त्याच दुसऱ्या टप्प्यातील प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात स्फोट होऊन १२ जण दगावले होते. मृतांत मालकाच्या कुटुंबातील माणसेही होती. सुरक्षिततेचा प्रश्न म्हणजे केवळ मालक विरुद्ध कामगार असा कलह, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी एवढी एकच बाब आठवावी. जखमींची संख्या शंभराच्या पुष्कळ वर गेली, आणि त्यांतील कित्येकांचा त्या कारखान्याशी काडीमात्र संबंध नव्हता. घरात, दुकानात, रस्त्यावर असलेली ती माणसे होती. काहींना फुटलेल्या काचांनी जायबंदी केले. नुकसानीचे पंचनामे झाले तेव्हा बाधित मालमत्तांची संख्या अडीच हजारांच्या वर भरली. चौकशीत प्रोपार्जिल क्लोराइड या अत्यंत ज्वालाग्राही रसायनाचे नाव पुढे आले. त्या दिवसापर्यंत हे नाव शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एकाही माणसाच्या कानांवर पडण्याचे कारण नव्हते.

आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे. कारखान्याच्या आतील माणसाचे रक्षण कसे करावे, हे कायद्याने पुष्कळ तपशिलाने सांगितले आहे. बाहेरच्या माणसाला काय सांगितले पाहिजे, हेही कायद्याने सांगितले आहे. परंतु ते मागण्याची सवय बाहेरच्या माणसाला लागलेली नाही, आणि देण्याची निकड आतल्यांना वाटलेली नाही.

हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्याकडील कारखाने-कायद्याचा उगम मुंबईच्या कापडगिरण्यांत झाला. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये गिरणी कामगारांच्या संरक्षणासाठी विधेयकाचा मसुदा तयार केला. १८८१ मध्ये पहिला कायदा आला. तो १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आणि यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. त्यात मुलांच्या कामाचे तास, धोकादायक यंत्रांना कुंपण आणि अपघाताची खबर एवढ्याच गोष्टी होत्या. प्रौढ कामगारांसाठी त्यात जवळजवळ काहीच नव्हते. ही उणीव ज्यांनी आवाज उठवून दाखवून दिली त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला, हे ठाणेकरांनी अभिमानाने सांगावे असे आहे. मांडवीच्या गिरणीत कोठारपाल म्हणून नोकरी केलेल्या या गृहस्थाने १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली, आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारच्या साप्ताहिक सुटीची मागणी गिरणीमालकांकडून मान्य करून घेतली. सुटी हा सुरक्षिततेचा विषय नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु थकलेल्या हाताची बोटे यंत्रात जातात, हे त्या काळच्या प्रत्येक साच्यावाल्याला ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर कारखाने अधिनियम, १९४८ झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून तो अंमलात आला. महाराष्ट्रात त्याच्या अंमलबजावणीचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आले. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. ठाण्याची वागळे इस्टेट ही महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक. साठच्या दशकातच डोंबिवली, अंबरनाथ आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. भाताची खाचरे आणि गवताळ माळ यांच्या जागी रस्ते, पाण्याच्या वाहिन्या, शेड आणि धुराडी आली. हजारो कुटुंबांची चूल त्यामुळे पेटली, हे नाकारता येणार नाही. त्या वेळी कारखाना आणि गाव यांच्यात मोकळी जागा होती. ती पुढे राहिली नाही. डोंबिवलीत तर औद्योगिक वसाहतीच्या हद्दीतच निवासी विभाग आहे. मिलापनगर, सुदर्शननगर येथील रहिवासी आणि रासायनिक कारखाने यांच्यात काही ठिकाणी केवळ रस्त्याचे अंतर आहे. आजदे, सागाव, सोनारपाडा ही मूळची गावे तर वसाहतीला खेटूनच आहेत. चूक कोणाची, कारखाना आधी आला की घर आधी आले, हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. वायू आणि स्फोटाची लाट यांना मात्र सातबारा वाचता येत नाही.

आता कारखान्याच्या आत जाऊ. अपघात म्हटला की डोळ्यांपुढे उत्पादन चालू असलेले यंत्र येते. प्रत्यक्षात अनेक मोठ्या दुर्घटना उत्पादनाच्या वेळी घडत नाहीत. दुरुस्ती, टाकीची सफाई, टँकर भरणे किंवा रिकामा करणे, जुनी वाहिनी कापणे अशा 'बिनमहत्त्वाच्या' कामांच्या वेळी त्या घडतात. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात जो स्फोट होऊन कामगार दगावले, तोही कार्बन डायसल्फाइडच्या टँकरचा होता. हा द्रव इतका ज्वालाग्राही की, त्याची वाफ पेटण्यास ठिणगीच लागते असे नाही. उकळत्या पाण्याच्या आसपासच्या तापमानाची गरम वाहिनीही पुरेशी ठरू शकते.

१९४८ च्या अधिनियमातील ३७ व्या कलमाने ज्या टाकीत वा भांड्यात ज्वालाग्राही पदार्थ आहे किंवा पूर्वी होता, ते निर्धोक केल्याखेरीज त्यावर वेल्डिंग अथवा कापणी करण्यास मनाई केली. 'पूर्वी होता' या दोन शब्दांचे महत्त्व फार आहे. रिकामा पिंप हा भरलेल्या पिंपाहून अधिक घातक असू शकतो, कारण त्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण झालेले असते. भरलेल्या पिंपाला सर्वच घाबरतात. रिकामा पिंप मात्र भंगारवाल्याच्या दुकानात कापला जातो, आणि त्या दुकानाला कारखाना म्हणून कोणी ओळखतही नाही. शिळफाटा परिसरातील गोदामे व भंगाराच्या वखारी पाहिल्या म्हणजे या कलमाची गरज कुंपणाच्या आत अधिक की बाहेर अधिक, असा प्रश्न पडतो.

त्याच्या आधीचे ३६ वे कलम बंदिस्त जागेविषयीचे. टाकी, खड्डा, नळ अशा ठिकाणी घातक वायू असण्याचा संभव असेल, तर ती जागा तपासून सक्षम व्यक्तीने लेखी प्रमाणपत्र दिल्याखेरीज कोणी आत उतरू नये. अन्यथा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे, कमरेला पट्टा असावा, पट्ट्याला दोर असावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. वाचताना हा तपशील बाळबोध वाटतो. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याणच्या नेतिवली भागात एका विहिरीत जे घडले, ते आठवले म्हणजे त्यातील प्रत्येक शब्दाची किंमत कळते. सफाईसाठी एक माणूस विहिरीत उतरला, तो वर आला नाही. त्याला काढण्यासाठी वस्तीतील दोघे उतरले, तेही परतले नाहीत. मग अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. पाचही जण मृत्यू पावले. विहीर म्हणजे काही कारखाना नव्हे, त्यामुळे कारखान्याचे कोणतेही कलम तिला लागू नव्हते. विषारी वायूला हा भेद माहीत नव्हता.

बंदिस्त जागेत बळी जाणाऱ्यांत वाचवायला गेलेल्यांची संख्या नेहमीच मोठी असते. कुजणाऱ्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. 'आता वास येत नाही, वायू गेला असावा' असे म्हणून उतरणारा माणूस त्यामुळे फसतो. पेटती मेणबत्ती किंवा कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे की नाही एवढेच सांगते, विषारी वायूविषयी काहीच सांगत नाही. उलट ज्वालाग्राही वायू असल्यास तीच ज्योत घात करते. ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक विहिरी, गृहनिर्माण संस्थांच्या मैलाटाक्या, सांडपाणी प्रक्रिया केंद्रे या सर्व ठिकाणी ३६ व्या कलमातील दोर, पट्टा आणि बाहेरचा माणूस ही त्रयी सक्तीची मानण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावयाची आवश्यकता नाही. पंचायतीचा एक ठराव त्यास पुरेसा आहे. वायुमापक आणि श्वसनयंत्र प्रत्येक गावाने विकत घ्यावे अशी अपेक्षा नाही. ते कोठे मिळते आणि किती वेळात येते, एवढे मात्र आधीच माहीत असावे.

वागळे इस्टेटमधील धोका वेगळ्या जातीचा आहे. तेथील छोट्या अभियांत्रिकी शेडमध्ये स्फोट क्वचित होतात, पण पॉवर प्रेसखाली बोटे जातात. प्रेसला दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावरच चालणारी रचना बसविता येते, पुढे जाळी लावता येते. यात अवघड असे काही नाही. तरीही जाळी काढून ठेवलेली आढळते, कारण नगावर मजुरी असलेल्या कामगाराला तिच्यामुळे दिवसाकाठी काही नग कमी पडतात. अशा वेळी 'कामगार निष्काळजी आहे' हा शेरा लिहिणे सोपे असते. मजुरीचा दरच निष्काळजीपणाला बक्षीस देत असेल, तर तो शेरा कोणावर लिहावयाचा, याचा विचार तपासणी करणाऱ्याने करावा.

आता पुन्हा कुंपणाकडे. १९८४ पर्यंत आपल्या कायद्याची दृष्टी कुंपणाच्या आतच होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारो माणसांचा बळी घेतला, तेव्हा शहरातील लोकांना कोणत्या दिशेने पळावे हे माहीत नव्हते आणि डॉक्टरांना कशावर उपचार करावयाचे हे माहीत नव्हते. एका ओल्या कापडाचे ज्ञान कित्येकांना वाचवू शकले असते, असे पुढे अनेकांनी म्हटले आहे. पुढच्याच वर्षी, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला आणि त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योग चालविणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असल्याचे तत्त्व सांगितले. या पार्श्वभूमीवर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे नवे प्रकरण घालण्यात आले.

त्यातील '४१ ब' या कलमाची ओळख येथे उपस्थित असलेल्या प्रत्येक पंचायत सदस्यास असावयास हवी होती. कारखान्याच्या भोगवटादाराने धोक्यांविषयीची, आरोग्यावरील परिणामांविषयीची आणि त्यावरील उपायांविषयीची माहिती कोणाकोणाला द्यावी, हे त्या कलमाने सांगितले. कामगार, मुख्य निरीक्षक, कारखाना ज्या हद्दीत आहे ते स्थानिक प्राधिकरण, आणि परिसरातील सामान्य जनता, अशी ती यादी होती. स्थानिक प्राधिकरण म्हणजे नगरपालिका, महापालिका वा ग्रामपंचायत. सामान्य जनता म्हणजे समोरच्या चाळीतील गृहिणी आणि शेजारच्या शाळेतील मुख्याध्यापकही. माहिती मागणे हा उपद्रव नव्हे आणि देणे हा उपकार नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, निरीक्षकाचे पदनाम बदलले, परंतु माहिती प्रकट करण्याचे हे बंधन संहितेतही कायम आहे.

याच सुमारास, १९८९ मध्ये, घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांविषयीचे केंद्रीय नियम झाले. ज्या कारखान्यात ठराविक मर्यादेपेक्षा अधिक घातक रसायन आहे, त्याने आपल्या आवारापुरती आपत्कालीन योजना करावी आणि दर सहा महिन्यांनी तिची रंगीत तालीम घ्यावी. आवाराबाहेरची योजना जिल्हा पातळीवर तयार व्हावी आणि तिची तालीम वर्षातून किमान एकदा व्हावी. बाहेरील लोकांना धोका काय आहे आणि अपघात झाल्यास काय करावे व काय करू नये, हे आधी सांगितले जावे. नियम उत्तम आहेत. अडचण आहे ती 'ठराविक मर्यादा' या शब्दांत. क्लोरीनचे उदाहरण घेऊ. या नियमांखाली १० टन क्लोरीन साठविणारा कारखाना महाअपघातप्रवण ठरतो. क्लोरीनचा मोठा नळकांडा, ज्यास टोनर म्हणतात, तो सुमारे ९०० किलोंचा असतो. म्हणजे असे दहा टोनर एकाच जागी ठेवणारा या मर्यादेच्या खालीच राहिला. प्रत्यक्षात एक टोनर गळू लागला तरी दाट वस्तीत हाहाकार उडू शकतो. हा धोका केवळ खासगी कारखान्यांत आहे असेही नव्हे. पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरीन वायू वापरणारी जलशुद्धीकरण केंद्रे स्थानिक संस्थांचीच असतात. दुसऱ्याकडे माहिती मागण्यापूर्वी पालिकेने आपल्या पंपगृहाच्या मागची शेड एकदा पाहून घ्यावी.

डोंबिवलीसारख्या वसाहतीतील लहान रासायनिक कारखाने अशा मर्यादांच्या अलीकडे राहू शकतात. साठा थोडा, माणसे थोडी, शेड लहान. मर्यादा साठ्यावरून ठरते. घर किती जवळ आहे यावरून ठरत नाही. हे ध्यानी घेतले म्हणजे माहिती प्रकट करण्याच्या बंधनाचे महत्त्व अधिकच पटते, कारण ते महाअपघातप्रवण कारखान्यांपुरते नाही. धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखान्यांना ते लागू आहे.

मग माहिती का पोहोचली नाही? एक कारण यंत्रणेच्या विभागणीत आहे. कामगारांची सुरक्षितता एका संचालनालयाकडे, बाष्पके दुसऱ्या संचालनालयाकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, स्फोटके व पेट्रोलियम यांचे परवाने केंद्राच्या नागपूर येथील संघटनेकडे, वसाहतीतील बांधकाम परवानगी औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि आपत्ती निवारण जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रत्येकाजवळ एकेक पान आहे, संपूर्ण पुस्तक कोणाजवळच नाही. दुसरे कारण खास कल्याण-डोंबिवलीचे. १९८३ मध्ये महापालिका स्थापन झाली. तिच्यातील २७ गावे २००२ मध्ये वगळण्यात आली आणि २०१५ मध्ये पुन्हा घेण्यात आली. मधल्या तेरा वर्षांत तेथे ग्रामपंचायती होत्या. पुढेही काही गावांच्या समावेशाचा वाद न्यायालयात गेला. गाव कोणत्या हद्दीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा उघडत राहिला, तेव्हा धोक्याची यादी कोणाच्या कपाटात ठेवावयाची, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. २०१६ चा स्फोट झाला तेव्हा तर या पुनर्समावेशास जेमतेम एक वर्ष झाले होते.

धोकादायक कारखाने पाताळगंगा परिसरात हलविण्याचा विचार शासनाने २०२२ मध्ये पुढे आणला. त्याचे स्वागत झाले, विरोधही झाला. स्थलांतर हा दीर्घ मुदतीचा उपाय आहे, आणि कारखाना नव्या जागी गेला तरी तेथेही शेजारी गावे असतातच. कारखाने जेथे आहेत तेथे ते असेपर्यंत काय करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

यासाठी पंचायत, पालिका वा प्रभाग समितीने लेखी पत्र पाठवून विचारण्याच्या गोष्टी फार नाहीत. कारखान्यात जास्तीत जास्त किती आणि कोणती घातक रसायने असतात. अपघात झाल्यास आग, स्फोट की विषारी वायू, कशाची भीती अधिक. भोंगा कसा वाजेल आणि धोका टळल्याचा भोंगा कसा ओळखावा. रात्री दूरध्वनी कोण उचलेल. आणि आत या क्षणी किती माणसे आहेत हे कोणत्या नोंदवहीवरून कळेल. शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. २०२४ च्या स्फोटानंतर नातेवाईक रुग्णालयांतून आपल्या माणसाचा शोध घेत फिरत होते आणि काही मृतांची ओळख पटविण्यास डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. कंत्राटदाराचा माणूस आज आला की नाही, हेच ठाऊक नसेल, तर ढिगाऱ्याखाली कोणाला शोधावयाचे? दरवाजापाशी, इमारतीपासून दूर ठेवलेला पाळीवार हजेरीपट हे हेल्मेटइतकेच महत्त्वाचे साधन आहे. ते हेल्मेटपेक्षा स्वस्तही आहे.

नुकसानभरपाईविषयीही एक बाब अधिकाऱ्यांनी लोकांपर्यंत पोहोचवावी. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ अन्वये घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकाने विमा उतरविणे बंधनकारक आहे, आणि अपघातात बाहेरच्या व्यक्तीस इजा झाल्यास कोणाचा दोष आहे हे सिद्ध न करता तातडीच्या साहाय्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अर्जाची मुदत पाच वर्षे. मूळ कायद्यातील रकमा, मृत्यूसाठी २५ हजार आणि मालमत्तेसाठी ६ हजार, काळाच्या ओघात हास्यास्पद ठरल्या होत्या आणि त्यांत बदल होणे अपरिहार्य होते. तथापि पंचनामा झाला म्हणजे अर्ज झाला, अशी समजूत करून घेऊन लोक स्वस्थ बसतात. पंचनामा हा महसुली कागद आहे, अर्ज तो नव्हे. तलाठ्याने पंचनाम्याच्या वेळीच अर्जाचा नमुना हाती दिला, तर पुढची कित्येक हेलपाटी वाचतील.

शाळांसाठी सूचना थोड्या आहेत. मोठा आवाज झाला की मुले खिडकीकडे धावतात. मोठी माणसेही तेच करतात. आगीचा लोळ दिसल्यावर काही क्षणांनी दुसरा धक्का येऊ शकतो आणि त्यात काचा आत येतात. म्हणून खिडकीपासून दूर होऊन बाकाखाली बसणे ही पहिली सवय. विषारी वायूच्या वेळी मैदानात गोळा होणे घातक ठरते. आगीच्या वेळी मात्र मैदानच सुरक्षित असते. दोन्हींसाठी घंटा वेगळी हवी. क्लोरीनसारखा जड वायू असेल तर वरच्या मजल्यावर जावे, दारे-खिडक्या लावून फटींत ओली कापडे भरावीत. बाहेर अडकल्यास वाऱ्याच्या दिशेने न पळता वाऱ्याला आडवे जावे. त्यासाठी शाळेच्या गच्चीवर एक कापडी वातपिशवी असावी. भूगोलाच्या तासाला तिचा उपयोग होईल तो वेगळाच: पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, तर हिवाळ्याच्या पहाटे जमिनीवरून समुद्राकडे कसा वाहतो, हे मुले स्वतः नोंदवू शकतील. शिवाय ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन कारखान्यांत शपथ घेऊन साजरा होतो. त्या दिवशी शेजारच्या शाळेतील चार शिक्षकांना कारखान्याच्या फाटकाच्या आत नेऊन भोंगा ऐकविला, तर शपथेइतकाच उपयोग होईल.

डोंबिवलीचे दोन्ही मोठे स्फोट मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत झाले. शाळांना सुटी होती, वर्ग रिकामे होते. आवाराबाहेरच्या योजनेची वार्षिक तालीमही शाळा बंद असताना, सुटीच्या दिवशी, रहदारी कमी असताना घेण्याकडे कल असतो. ती सोयीची पडते. जिल्हा प्रशासन, औद्योगिक वसाहत आणि शिक्षण विभाग यांनी ही तालीम जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शाळा भरलेली असताना आणि दोन पाळ्यांच्या बदलाच्या वेळी ठेवावी. पाऊस असेल, गोंधळ होईल, काही मुले चुकीच्या जिन्याने उतरतील, एखादा भोंगा वाजणारही नाही. कोणता जिना आणि कोणता भोंगा, याची नोंद त्याच दिवशी शाळेच्या आणि कारखान्याच्या अशा दोन्ही वह्यांत व्हावी.